रडवणारं पुस्तक कुणाच्या हातात द्यावं?

"काळजाला भिडणारं एखादं पुस्तक सांगा की," असं वाचनालयात कुणी म्हटलं की उत्तरं ठरलेली असतात. 'मृत्युंजय', 'स्वामी', 'ययाति', 'श्यामची आई'. नावं वाईट नाहीत. पण विचारणारा कोण, तो रोज किती पानं वाचतो, त्याच्या घरात सध्या काय चाललंय आणि त्याची शाळा कुठल्या भाषेत झाली, यातलं काहीच न विचारता सांगितलेलं पुस्तक पंधरा दिवसांनी तसंच परत येतं. खुणेचा कागद चाळिसाव्या पानावर, आणि तोंडी अभिप्राय एवढाच: "चालू केलो होतो, पुढं सरकंना बघा."

दोष पुस्तकाचा नसतो, वाचणाऱ्याचा तर नाहीच नाही. नाव सांगणाऱ्यानं स्वतःला काय आवडलं ते सांगितलेलं असतं. समोरच्याला काय पेलेल, हा हिशेब वेगळा असतो आणि तो थोडा कोरडेपणानंच करावा लागतो.

आधी पानांचा हिशेब. कामधंदा करणारा माणूस रात्री जेवणानंतर अर्धा तास वाचतो असं धरलं, तर बारा ते पंधरा पानं होतात. पंधरा दिवसांत दोनशे पानांच्या आसपास. 'मृत्युंजय' सातशे पानांच्या पुढं जातं. म्हणजे पुस्तक तीनदा तरी वाढवून घ्यावं लागणार, आणि मध्ये एक जत्रा, एक लग्न, गणपती आला की धागा तुटणार. अशा वाचकाला कर्णच हवा असेल तर रणजित देसाईंचं 'राधेय' द्यावं, ते आटोपशीर आहे. 'मृत्युंजय'च द्यायचं तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी: कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण असे सहा जण त्यात आळीपाळीनं बोलतात. एकाचं बोलणं संपलं की थांबता येतं. धड्याच्या मध्ये थांबलं की पुढच्या वेळी कोण बोलतंय हेच कळत नाही, आणि बहुतेकांचं 'मृत्युंजय' तिथंच सुटतं.

दुसरा हिशेब भाषेचा, आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात तो टाळून चालत नाही. मराठी शाळेत शिकलेल्या साठीच्या माणसाला काहीही द्या, अडचण नाही. त्याची नात मात्र कॉन्व्हेंटात जाते. घरात, गल्लीत फर्डं मराठी बोलते, पण छापील पानावरचं जोडाक्षर आलं की तिचा वेग निम्म्यावर येतो. तिला 'ययाति'तली अलंकारिक वाक्यं दिली तर ती दहा पानांत पुस्तक मिटेल आणि 'मला मराठी जमत नाही' असं कायमचं ठरवून टाकेल. तिला बोलल्यासारखं लिहिलेलं पुस्तक हवं. असं पुस्तक सुदैवानं इथल्याच मातीतलं आहे.

प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या गोष्टी चार पुस्तकांत आहेत आणि क्रम महत्त्वाचा आहे: 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर'. आई-वडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे वाढणारा मुलगा त्या सांगतो. गाव बेळगावकडचं, आजूबाजूला कानडी. पुण्यातल्या वाचकाला त्यातले शब्द अडतात. बेळगावच्या शहापूर-वडगावातल्या पोराला ते शेजारच्या काकूचे वाटतात. लंपनला सगळं काही 'मॅडसारखं' वाटतं आणि कुठलीही गोष्ट तो शेकड्यांत, हजारांत मोजतो. मुलांना आधी याचंच हसू येतं. ते हसू येऊ द्यावं. 'हे फार हळवं पुस्तक आहे हं' असं आधी सांगणं म्हणजे पुस्तकाचा अर्धा जीव घेणं. हसता हसता दोन-तीन गोष्टींनंतर कधीतरी त्या मुलाला आईकडे जायचंय आणि ते तो कुणालाच सांगत नाहीये, हे वाचणाऱ्याच्या ध्यानात येतं. ते त्याचं त्याला कळलं पाहिजे. पुढच्या पुस्तकांत सावल्या गडद होत जातात, म्हणून 'झुंबर' हाताला लागलं म्हणून आधी देऊ नये. वाचनालयात 'वनवास' बाहेर गेलेलं असलं तर थांबावं, नाव नोंदवून ठेवावं.

या पुस्तकाला एक जोड आहे आणि ती बेळगावकरानं तरी सोडू नये. संत म्हणजे इंदिरा संतांचा मुलगा. इंदिराबाईंचं बहुतेक आयुष्य बेळगावातच गेलं. त्यांचे पती ना. मा. संत आणि त्या, दोघांच्या कवितांचा 'सहवास' हा संग्रह १९४० साली निघाला; १९४६ साली ना. मा. गेले. 'शेला' आला तो १९५१ मध्ये, मग 'मेंदी', 'मृगजळ', 'रंगबावरी'. ज्या घरात आई कविता लिहीत होती त्या घरापासून दूर वाढलेल्या मुलानं पन्नाशी उलटल्यावर लंपन पुस्तकरूपानं वाचकांपुढं आणला. दोन्ही एकत्र वाचणाऱ्याला एकाच गोष्टीच्या दोन बाजू दिसतात, आणि दोघांपैकी कुणीही आवाज चढवलेला नाही. देताना मात्र एकदम देऊ नये. आधी 'वनवास'. तो परत आला आणि वाचणारा त्याच्याबद्दल आपणहून बोलला तरच 'मृगजळ'. न बोलता नुसता परत केला तर अजून वेळ आहे.

कविता द्यायची रीतच वेगळी. संग्रह सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचायचा नसतो, हे अनेकांना कुणी सांगितलेलंच नसतं. शाळेत कवितेबरोबर प्रश्नोत्तरं यायची, त्यामुळे प्रत्येक ओळीचा अर्थ लागलाच पाहिजे अशी धास्ती राहते. म्हणून संग्रह देताना तीन पानांवर कागदाच्या पट्ट्या घालून द्याव्यात. एवढ्या तीन वाच, बाकीचं वाटलं तर. दिवसाला एक. बहुतेक लोक चौथी आपोआप वाचतात.

आता जी. ए. एकसंब्यात, चिकोडी तालुक्यात जन्मलेले, बेळगावात वाढलेले, धारवाडला इंग्रजी शिकवण्यात उभी हयात घालवलेले जी. ए. कुलकर्णी म्हणजे या भागाचा अभिमान, आणि म्हणूनच त्यांच्या बाबतीत सगळ्यात जास्त गोंधळ होतो. 'आपले जी. ए. वाचले नाहीस?' असं म्हणत लोक थेट 'काजळमाया' किंवा 'रमलखुणा' हातात देतात. 'काजळमाया'ला साहित्य अकादमी मिळालं (ते त्यांनी परत केलं, हा भाग वेगळा), म्हणून तेच पहिलं असं वाटतं. कुठल्या देशातल्या, कुठल्या काळातल्या हे कळू न देणाऱ्या, दंतकथेसारख्या कथा त्यांत आहेत. सवय नसलेला वाचक पहिल्याच कथेत हरवतो. सुरुवात 'माणसे: अरभाट आणि चिल्लर'पासून करावी. ते आठवणींसारखं पुस्तक आहे, त्यातली माणसं ओळखीची वाटतात आणि जी. एं.च्या वाक्याची लय कानाला बसते. मग 'पारवा' किंवा 'हिरवे रावे', जिथं घरं, भावंडं, गरिबी, अपमान असं सगळं आपल्या गल्लीतलं आहे. त्यानंतर 'पिंगळावेळ'मधली 'कैरी'. तानीमावशी भेटल्याशिवाय जी. ए. भेटले असं म्हणू नये. 'काजळमाया' चौथ्या क्रमांकावर, आणि 'रमलखुणा' ज्यानं एवढं सगळं आपणहून मागून नेलं त्याला.

एका बैठकीला एकच कथा. दुसरी लगेच वाचली की पहिलीचा ठसा पुसतो, आणि तीन ओळीनं वाचल्या तर सगळ्या एकसारख्या काळ्या दिसायला लागतात. 'जी. ए. फार निराश करतात' अशी तक्रार करणाऱ्याला कशा वाचल्या ते विचारावं; बहुतेक वेळा संग्रह रविवारी दुपारी एका दमात संपवलेला असतो. मात्र एक पथ्य खरंच पाळायचं. ज्याचं मन सध्या खचलेलं आहे, झोप उडाली आहे, जगण्यात राम नाही असं जो बोलतो आहे, त्याला जी. ए. देऊ नयेत. अशा माणसाला पुस्तकाआधी जवळ बसणारं कुणीतरी हवं असतं आणि बरेचदा डॉक्टरही.

निपाणीकडच्या वाचकाला वेगळी शिदोरी आहे. आनंद यादवांची 'झोंबी' कागलची. कागल आणि निपाणी यांच्यामध्ये राज्याची हद्द आहे, बोलीत हद्द नाही. ज्या बोलीमुळे शहरातला वाचक पहिली पन्नास पानं धडपडतो ती इथल्याला फुकट मिळालेली आहे. शाळेसाठी बापाशी झुंजणाऱ्या पोराची ही कहाणी पुढं 'नांगरणी', 'घरभिंती', 'काचवेल' अशी चालते. ती लोक चुकीच्या माणसाला देतात. दहावीत नापास झालेल्या मुलाला 'बघ, किती हाल सोसून शिकला' म्हणून दिली की ती त्याच्या दृष्टीनं शिक्षा होते. तो दोन पानं वाचून ठेवून देईल आणि त्याचं बरोबरच असेल. 'झोंबी' द्यावी त्या मुलाच्या बापाला. किंवा शाळा अर्ध्यात सुटलेल्या, आता पन्नाशीत असलेल्या माणसाला. हा माणूस 'मी काय वाचणार ओ' म्हणतो आणि मग रात्री दोनपर्यंत वाचत बसतो, कारण त्यात मोट, ऊस, भाकरी, मार सगळं त्याच्याच शब्दांत आहे.

निपाणीच्याच महादेव मोऱ्यांचं नाव मात्र निपाणीबाहेर कमी घेतलं जातं, याचं वाईट वाटतं. पिठाची गिरणी चालवत त्यांनी तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायका, गॅरेजातली पोरं, ड्रायव्हर लिहिले. अश्रू काढायचा त्यांचा हेतू कधीच दिसत नाही आणि म्हणूनच ते लागतं. ज्यांना 'रडकी पुस्तकं नकोत' असं वाटतं त्यांना मोरे द्यावेत. फक्त पुस्तकं सहज मिळत नाहीत, जुन्या वाचनालयांच्या कपाटांतच शोधावी लागतात.

राजन गवसांची 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' ही दोन पुस्तकं देताना हात जरा आखडता घ्यावा लागतो. पहिली देवीला सोडलेल्या मुलीची, दुसरी जोगत्याची, म्हणजे देवीला सोडलेल्या पुरुषाची. यल्लम्माचा सौंदत्तीचा डोंगर आपल्याच बेळगाव जिल्ह्यात. पौर्णिमेच्या यात्रेला जाणाऱ्या गाड्या प्रत्येकानं पाहिलेल्या, परडी घेऊन दारात आलेली जोगतीण प्रत्येकाच्या ओळखीची. देवदासी सोडण्यावर बंदी घालणारा कर्नाटकाचा कायदा १९८२ चा, 'चौंडकं' त्याच दशकातली. पण 'देवदासी प्रथेवरची कादंबरी' अशी ओळख करून दिली की वाचणारा ती वर्तमानपत्रातल्या लेखासारखी वाचतो, हळहळतो आणि विसरतो. नुसतं 'एका पोरीची गोष्ट आहे' एवढंच सांगावं. आणि ज्या घरात यल्लम्माचं व्रत आहे तिथं ही पुस्तकं आपणहून द्यायला जाऊ नये. त्या घरातल्या तरुण मुलीनं मागितली तर नाही म्हणू नये.

हिडकलच्या धरणात ज्यांची गावं गेली त्या घरांतल्या थोरल्यांना विश्वास पाटलांची 'झाडाझडती' द्यावी की नाही, यावर वाचनालयातल्या माणसांचं एकमत होणार नाही. माझं मत द्यावी असं आहे. स्वतःच्या दुःखावर कुणीतरी एवढी पानं खर्च केली, ही गोष्ट दुःख उकरणारी असते तशी मान देणारीही असते. त्या घरातल्या तिशीच्या मुलालाही ती द्यावी, म्हणजे आजोबा जुन्या शिवाराचं नाव काढून गप्प का बसतात ते त्याला कळेल.

सीमाभागात आणखी एक सोय आहे जी पुण्या-मुंबईच्या वाचकाला नाही. एकाच घरात सासू मराठी वाचते आणि सून कानडी, किंवा उलट. अशा घरात एकच पुस्तक दोन भाषांत द्यावं. एस. एल. भैरप्पांची 'वंशवृक्ष' यासाठी पहिली. मूळ कन्नड, आणि मराठी अनुवाद उमा कुलकर्णींचा. त्यांचा जन्म बेळगावचा, या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार आहे. नंजनगूडचे श्रोत्री, त्यांची विधवा सून कात्यायनी, तिचा दुसरा विवाह आणि मागं राहिलेला मुलगा. सासूला श्रोत्री पटतात, सुनेला कात्यायनी, आणि स्वयंपाकघरात जे बोलणं एरवी निघालं नसतं ते पुस्तकाच्या आडून निघतं. दोघींनी एकाच आठवड्यात वाचलं पाहिजे, नाहीतर एकीचं विसरून झालेलं असतं. उलट बाजूनंही वाट आहे: खांडेकरांच्या कादंबऱ्या कानडीत गेलेल्या आहेत आणि त्या भाषेत त्यांना मोठा वाचक मिळाला. कानडी शेजाऱ्याला 'आमच्या' साहित्याबद्दल व्याख्यान देण्यापेक्षा त्याच्या लिपीतलं पुस्तक देणं बरं.

म्हाताऱ्या माणसांना पुस्तक सुचवताना आधी छपाई पाहावी. मोतीबिंदू झालेल्या आजीला जुन्या आवृत्तीतला बारीक टाइप दिसत नाही आणि ती तसं सांगत नाही, 'आवडलं नाही' म्हणते. तिला वाचून दाखवावं. मोठ्यानं वाचायला एका पानाला दोन ते अडीच मिनिटं लागतात. दहा पानं म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं, त्यापुढं वाचणाऱ्याचा घसा आणि ऐकणाऱ्याचं लक्ष दोन्ही जातं. यासाठी लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'इतकं सोयीचं पुस्तक मराठीत नाही. ते १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलं. छोटी वाक्यं, बोलल्यासारखी, कुठेही थांबा. एवढं सोसलेली बाई इतकं हसवते कशी, असं वाटत असतानाच मध्येच एखादं साधं वाक्य येतं आणि वाचणाऱ्याचा आवाज अडकतो. अडकला तर थांबावं, पाणी प्यावं, पुढं वाचावं. माडगूळकरांची 'माणदेशी माणसं'ही अशीच, एका बैठकीला एक माणूस. 'बनगरवाडी' दीडशे पानांच्या आतली. नव्यानं खेड्यात बदली झालेल्या शिक्षकाला तर ती नेमणुकीच्या कागदाबरोबरच मिळायला हवी.

मुलांना 'श्यामची आई' वाचून दाखवायची तर पहिल्या प्रकरणापासून सुरू करायचा हट्ट नको. बेचाळीस रात्रींची रचना असली तरी प्रत्येक रात्र सुटी उभी राहते. 'श्यामचे पोहणे' आधी घ्यावं: भिऊन माळ्यावर लपणारा मुलगा आणि त्याला फोकानं बाहेर काढणारी आई. मुलांना ही आई खरी वाटते. आधीच तिला देव्हाऱ्यात बसवलं की पुस्तक मेलं. आणि ज्या मुलाची आई नुकतीच गेली आहे त्याला हे पुस्तक देऊ नये. शाळेतल्या बाई चांगल्या मनानं देतात, पण मुलाला त्या बेचाळीस रात्री सोसत नाहीत.

यावरून घरात मृत्यू झालेल्या वाचकाचं. बाराव्या-तेराव्यापर्यंत पुस्तकाचा विषयच काढू नये. त्यानंतरचे दोन-तीन महिने कथानक डोक्यात राहत नाही. तेच पान चारदा वाचलं जातं. म्हणून कादंबरी नको. कविता चालते, छोटे ललित लेख चालतात. 'स्वामी' तर मुळीच नको, विशेषतः माणूस दीर्घ आजारानं गेला असेल तर, कारण उत्तरार्ध माधवरावांच्या क्षयाचा आणि रमाबाईंच्या वाट पाहण्याचा आहे आणि त्यातलं आजारपण पान पान चालतं. वर्ष उलटल्यावर मात्र तेच पुस्तक काम करतं. आणि 'स्वामी' घेणाऱ्याला पुढं कधीतरी माधवी देसाईंचं 'नाच ग घुमा' द्यावं. दोन्ही पुस्तकांचा पत्ता चंदगड तालुक्यातलं कोवाडच. एकात पेशव्यांचा संसार, दुसऱ्यात त्याच लेखकाच्या, रणजित देसाईंच्या घरातला, पत्नीनं सांगितलेला. काही वाचकांना हे रुचत नाही, आवडत्या लेखकाबद्दल ऐकायचं नसतं. अशांना आग्रह करू नये.

पुस्तक परत आलं की पहिला प्रश्न 'आवडलं का?' असा नसावा. त्याला 'हो' शिवाय उत्तर नसतं. 'रडलास का?' हा तर त्याहून वाईट. न रडलेल्याला आपल्यातच काही खोट आहे असं वाटतं. 'कुठं थांबला होतात?' असं विचारावं. तीस पानांवर थांबला असेल तर भाषा जड गेली. शंभरावर थांबला तर वेळ मिळाला नाही, वाढवून द्यावं. शेवटची वीस पानं राहिली असतील तर बहुतेक त्याला ते संपायला नको आहे किंवा पुढं काय होणार ते कळून भीती वाटली आहे. अशा वेळी पुस्तक परत घेऊ नये, आणखी आठवडाभर राहू द्यावं.

आणि एका जड पुस्तकानंतर दुसरं जड देऊ नये. 'चौंडकं'च्या मागोमाग 'झाडाझडती' दिली की चांगला वाचकही महिनाभर वाचनालयाकडं फिरकत नाही. मध्ये पु. लं.चं काही द्यावं, प्रवासवर्णन द्यावं, नाहीतर एखादी रहस्यकथा. यात कमीपणा काही नाही. जानेवारी-फेब्रुवारीत कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या संमेलनांत पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथं वाचक स्वतः काय उचलतो ते लांबून पाहून ठेवावं. ज्याला आपण सहा महिने कादंबऱ्या देत होतो तो पाककृतींचं आणि शेतीचं पुस्तक घेऊन चाललेला दिसला, तर पुढच्या वेळी 'एक होता कार्व्हर' सांगावं: शेंगदाणा, रताळं, माती, आणि त्यातूनच उभा राहिलेला माणूस.